अंजनाला यमक सापडेना

माणसानं पेन्शनीत निघून घरी यावं, पण हवालदारानं येऊ नये, असं अंजनाबाईंचं ठाम मत होत चाललं होतं. कोरेगावच्या खालच्या अंगाला, उसाच्या पट्ट्यात त्यांचं गाव. दर दोन घरांआड एकजण पलटणीत. नवरा वर्षातून दोन महिने रजेवर यायचा आणि बाकीचे दिवस नुसती मनीऑर्डर यायची, याची तिथल्या बायकांना सवयच. लालासाहेबही असेच येत-जात राहिले आणि त्र्याहत्तर साली हवालदार म्हणून कायमचे घरी आले. आल्या आल्या त्यांनी गोठ्यातले खुंटे उपटून एका रेषेत ठोकले, शेणी रचायची पद्धत बदलली आणि पाण्याच्या घागरी उंचीप्रमाणं लावल्या. अंजनाबाईंनी हे सगळं सोसलं. पण पंच्याहत्तरच्या माघात त्यांनी कविता करायला घेतली, तेव्हा मात्र बाईंनी कपाळाला हात लावला.

कविता म्हणजे काही मोठी नव्हे. दोन ओळींचा उखाणा. बायकांनी नवऱ्याचं आणि हौशी नवऱ्यांनी बायकोचं नाव ज्यात गुंफायचं, तो. गावातली कुठलीही पोर उभ्या उभ्या दहा सांगेल. पण लालासाहेबांना तो स्वतःच्या हातचा पाहिजे होता, आणि तसं कारणही घडलं होतं. लेक शालन हिचं लग्न वैशाखात धरलं होतं. सोयरीक तासगावकडची. नवरा मुलगा जोतीराम साखर कारखान्यात वजनकाट्यावर, घरी द्राक्षाचा नवा मांडव. त्याची आई भामाबाई बोलायला गोड, पण रीतीभातीला कडक. सुपारी फुटली त्याच दिवशी तिनं बजावून ठेवलं.

"आमच्यात इहीण-व्याह्यांनी जोडीनं नाव घेतल्याबिगर त्यांची पंगत बसत न्हाई. नवरीच्या आईनं घ्यायचं, बानं बी घ्यायचं. आदीच सांगते, मागनं बोल नगं."

"घेऊ की! त्यात काय?" लालासाहेब म्हणाले. असं म्हणाले, की जणू रोज सकाळी उठून बायकोचं नाव घेऊनच दात घासतात.

दाराआड उभ्या असलेल्या अंजनाबाईंनी कान पुढं केला. त्यांच्या मनात एक जुना सल होता, आणि तो याच गोष्टीचा होता.

बावन्न साली त्यांचं लग्न झालं. लालासाहेब तेव्हा जोधपूरकडं होते, रजा काढून बोहल्यावर उभे राहिले. अंजनाबाई तेव्हा अंजना नव्हत्याच. त्या भिलवडीकडच्या, कृष्णाकाठच्या साळू. पण सासरी चुलत सासूचं नावही साळूबाईच. वडीलधाऱ्या बाईचं नाव सुनेला कसं राहू द्यायचं? नवऱ्यानं बायकोला हाक मारायची आणि चुलतीनं ओ द्यायची, असला आचरटपणा सासऱ्यांना चालणार नव्हता. अक्षता पडल्यावर तांदळाचं ताट पुढं आलं. सासरे लेकाच्या कानात काहीतरी पुटपुटले. लालासाहेबांनी अंगठीनं तांदळात नाव काढलं, अंजना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि साळू तिथंच संपली.

मग वरात दारात आली. नणंद राहीबाई दोन्ही हात पसरून उंबऱ्यावर उभी. "वैनी, नाव घे. दादा, तू बी घे. मगच आत." नवरीनं आईनं पढवलेला उखाणा खाली मान घालून म्हटला. आता नवऱ्याची पाळी. लालासाहेबांनी तोंड उघडलं. सगळी आळी पुढं सरकली. त्यांनी तोंड मिटलं, बहिणीच्या हाताखालून वाकले आणि सरळ आत निघून गेले.

"घेन्याजोगं असतं तर घेतलं नसतं का दादानं?" राहीबाई खिदळली. ती त्या दिवशी खिदळली ते खिदळली, पुढं दर हळदीकुंकवाला तिनं तीच गंमत काढली. बायका हसायच्या, अंजनाबाईही हसायच्या. काय करणार? आपलं तोंड आवडलं नाही, की नाव आवडलं नाही, की आपण सगळ्याच नावडत्या, हे नवऱ्याला विचारायची तेव्हा पद्धत नव्हती आणि नंतर हिंमत नव्हती. लालासाहेबांनी पुढं 'अगं'वर संसार केला. शालन झाल्यावर 'शालनची आई' झालं, एवढीच बढती. चुलत सासू यथावकाश गेल्या, सासरे गेले. माहेरचेही आईबाप गेले, भाऊ गेला. साळू म्हणून हाक मारणारं माणूस कुठंच उरलं नाही, आणि अंजना म्हणून हाक मारायला ज्यानं शिकायचं, तो शिकला नाही.

तेव्हा आता भामाबाईच्या रीतीनं का होईना, एकदा चार लोकांत या माणसाच्या तोंडून आपलं नाव निघावं, आणि त्या वेळी राहीबाई समोर बसलेली असावी, एवढंच अंजनाबाईंना पाहिजे होतं. शालूसुद्धा नको होता.

पण लालासाहेब आपल्या पद्धतीनं कामाला लागले. गोठ्याचं दार त्यांनी काळं रंगवून घेतलं, तालुक्यावरून खडू आणले आणि सकाळी दूध काढायच्या वेळेला दारापुढं उभे राहून ते उखाणे लिहू लागले. म्हैस बिचकायची आणि दूध चोरायची.

"आवं, मला येत्यात की धा-पंधरा," अंजनाबाई म्हणाल्या. "त्यातला एक घ्या आन् माजं नाव घाला. कोन इचारतंय?"

"उसन्या वर्दीवर परेड हुईत न्हाई," लालासाहेब दाराकडं बघतच म्हणाले. "घेयाचा तर सोताचा."

त्यांना शिकवायला त्यांचा बालमित्र आकाराम येऊ लागला. आकाराम शिंपी. भजनात पेटी वाजवायचा आणि एकदा सरपंचांच्या सत्काराला त्यानं चार ओळी जुळवल्या होत्या, त्या जोरावर गावात त्याला कवी म्हणत. रोज संध्याकाळी तो कातर तशीच खिशात घेऊन यायचा, चहा प्यायचा, आणि ओट्यावर बसून विद्यादान करायचा.

"यमक म्हंजे काय रं गड्या? वरच्या वळीची शेपटी खालच्या वळीच्या शेपटीला बांधायची. मान कुठं का जाईना."

"मग अंजनाच्या शेपटीला काय बांधायचं?"

"रंजना," आकाराम तत्काळ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजनाबाई धारेला गेल्या, तर दारावर मोठ्या अक्षरात: 'कोरेगावच्या बाजारात भेटली रंजना, घरी माझी वाट बघते अंजना.' त्या अर्धी बादली तशीच ठेवून उठल्या.

"कोन ही रंजना?"

"कोन न्हाई. यमक हाय."

"बाजारात भेटली म्हनून लिवलंय की!"

"अगं, कुटंतरी भेटाया नगं का तिला? एकदम कशी येईल वळीत?"

"बाजारात भेटली म्हनं! आन् म्या घरी वाट बघायची!" अंजनाबाईंनी पदरानंच दार पुसून टाकलं. दूध घालायला आलेल्या दोन बायकांनी मात्र ते आधीच वाचलं होतं. रंजना कोण याचा शोध आळीत पुढं आठवडाभर चालला होता.

नंतर 'गर्जना' आली. 'ढगांनी केली गर्जना, दारात उभी अंजना.' हे आकारामला फार आवडलं. शालन मात्र तोंडाला पदर लावून परसात पळाली आणि तिकडं जाऊन हसली. मग आकारामनं सुचवलं की अंजनी ही मारुतीची आई, तेव्हा मारुतीरायाला धरून काहीतरी करावं. त्यावर लालासाहेब खवळले. बायकोला भर मांडवात देवाची आई करून ठेवलं, तर रात्री घरात तिच्या पाया पडायचं का, असं त्यांनी मित्राला विचारलं. आकाराम चहा पिऊन गेला.

खरं म्हणजे उखाण्यात नाव शेवटी यावं लागतंच असं नाही. मधे कुठंही आलं तरी चालतं. हे अंजनाबाईंनी त्यांना सांगितलं. एकदा नाही, भाकरी थापताना सांगितलं, पाणी तापवताना सांगितलं, जेवताना सांगितलं. पण हवालदार ऐकेल तर तो हवालदार कसला?

"मधी नाव दबून जातंय," ते म्हणायचे. "सलामी घेनारा साहेब कवा रांगेत हुबा ऱ्हातो का? परेड पुढनं जाती, साहेब शेवटाला मंचावर."

"आवं, मी काय साहेब हाय?"

"ते तुला न्हाई कळायचं."

नाही कळायचं! ज्या बाईनं सहा वर्षांची असल्यापासून जात्यावर बसून ओव्या ऐकल्या, तिला कळायचं नाही, आणि ज्या गड्याला परवा यमक म्हणजे शेपटी हे समजलं, त्याला कळत होतं. अंजनाबाईंनी तव्यावरची भाकरी अशी उलटली की तिचे दोन तुकडे झाले.

चैत्र लागला तसा लालासाहेबांनी नवा शोध लावला. दोन्ही ओळींना सारखी पावलं पाहिजेत. मग ते अंगणात चालत चालत उखाणा करू लागले. लेफ्टला एक शब्द, राइटला एक. शब्द उरला की पुन्हा पहिल्यापासून. त्याच दिवसांत अंगणात लग्नाच्या कुरडया घातलेल्या. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून, पहाटे उठून तो शिजवून, आळीतल्या चार जणींना बोलावून अंजनाबाईंनी बाजेवर आणि खाली धोतरावर पांढऱ्याशुभ्र कुरडया घातल्या होत्या. लालासाहेब आभाळाकडं बघत, ओठ हलवत मागं मागं येत होते. "आवं!" म्हणून अंजनाबाई ओरडल्या. तोपर्यंत ते धोतराच्या मधोमध उभे होते.

"थांब," ते हात वर करून म्हणाले. "आता जुळत आलंतं."

अंजनाबाईंना रडू आलं. कुरडयांचं आलं आणि सगळ्याचंच आलं. "इतकं अवघड हाय का वो माजं नाव?" त्या म्हणाल्या. "साऱ्या जगाचे दादले घेत्यात. येड्या-बागड्यांनी घेतलं. तुमालाच कशापायी जमंना? न्हाई घ्यायचं तर न्हाई म्हना, मी सांगते इहीणबाईला, आमच्यात न्हाई घेत म्हनून. पर माज्या कुरडया कशाला तुडवताय?"

लालासाहेब खाली बघत राहिले. तळपायाला चीक चिकटला होता. हळूच एक एक पाय उचलून बाहेर आले आणि गोठ्याकडं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजनाबाई धारेला गेल्या तेव्हा दारावर दोनच ओळी होत्या.

'सावधान म्हणताच जुळते टाचेला टाच,
अंजनाच्या भाकरीला मायेची आच.'

त्यांना वाचायला वेळ लागायचा. दुसरीपर्यंतच शाळा. बोट फिरवत त्यांनी एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. त्या दिवशी म्हशीनं नेहमीपेक्षा जास्त दूध दिलं असं त्यांनी शालनला सांगितलं, पण तसं काही नव्हतं. चांगला होता हो उखाणा! साधा, आपल्या घरातला, आणि आपलं नाव त्यात नीट बसलेलं. दुपारी त्या मुद्दाम पुन्हा एकदा बघायला गेल्या, तर दार कोरं. हवालदारांनी ओल्या फडक्यानं पुसून काढलं होतं.

"नाव मधीच ऱ्हातंय," लालासाहेब म्हणाले.

त्यावर अंजनाबाई जे बोलल्या, ते तीन घरं पलीकडं ऐकू गेलं. त्यांनी सांगितलं की हाच उखाणा मांडवात घ्यायचा, याच्यात एक शब्द इकडचा तिकडं करायचा नाही, खडू आजपासून बंद, आकारामचा चहा बंद, आणि हे कबूल नसेल तर लग्नाला लालासाहेबांनी एकट्यानं जावं, त्या घरी म्हशीपाशी बसतील. पंचवीस वर्षांच्या नोकरीत एवढं सरळ फर्मान सुभेदारानंही लालासाहेबांना सोडलं नसेल. त्यांनी मान डोलावली. पण तोंड उतरलेलंच होतं. अंजनाबाईंना ते दिसलं, आणि दिसूनही राग गेला नाही.

लग्न नवऱ्या मुलाच्या गावी. वऱ्हाड ट्रकातून निघालं. खाली पेंढा, त्यावर गोधड्या, आणि त्यावर पन्नास माणसं. कऱ्हाडच्या पुढं ऊन तापलं तसे लोक पेंगायला लागले. राहीबाई मात्र जागी होती. "दादा, उखाना पाठ हाय न्हवं? का पुन्यांदा हाताखालनं पळतोस?" ती म्हणाली, आणि सगळा ट्रक हसला. लालासाहेब ट्रकाच्या फळीला धरून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. अंजनाबाईंनी नीट कान देऊन ऐकलं, टाचेला टाच, मायेची आच. बरोबर चाललं होतं. त्यांचा जीव जरा भांड्यात पडला.

अक्षता वेळेवर पडल्या. मग भामाबाईच्या दिरानं तांदळाचं ताट आणलं. जोतीरामनं अंगठी हातात घेतली. "ज्योती ठिवायचं ठरलंय," भामाबाई कौतुकानं म्हणाली. "जोतीरामाची ज्योती. शोभतंय का न्हाई?" लोक शोभतंय म्हणाले. जोतीरामनं तांदळात अक्षरं काढली. शालन खाली बघत होती. एकदाच तिनं मान वर केली आणि बापाकडं पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली. लालासाहेब त्या ताटाकडं बघत होते. अंजनाबाईंच्या लक्षात आलं, की यांचे ओठ हलायचे थांबलेत.

"आवं, पाठ हाय न्हवं?" त्यांनी हळूच विचारलं. लालासाहेबांची नजर ताटावरून हलली नाही.

पंगतीसाठी पाट मांडले, रांगोळी काढली. भामाबाईनं पदर खोचला, नवरीच्या आईबापांना मधोमध उभं केलं आणि बायकांचा घोळका भोवती जमवला. पुढच्याच रांगेत राहीबाई. "हां, पहिल्यांदा व्याही!" भामाबाई म्हणाली. "बाप्यांचं आदी. बाया कायम तयार असत्यात."

लालासाहेबांनी टाचेला टाच जुळवली. उखाण्यात नव्हे, खरोखरची. फेटा नीट केला, छाती पुढं काढली. अंजनाबाईंनी डोळे मिटून घेतले आणि मनात पहिली ओळ म्हणायला सुरुवात केली. सावधान म्हणताच...

"पलटणीत तुडवली मारवाडची वाळू," लालासाहेबांचा आवाज कर्ण्याशिवाय मांडवाच्या पार टोकाला गेला. "कृष्णेकाठी गावली मला माझी साळू!"

आचाऱ्याचा झारा तेवढा कढईत वाजला. मग एकदम सगळे बोलायला लागले. तासगावकडच्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. "साळू कोन गं? इहीणबाईचं नाव तर अंजना हाय." "मग ही दुसरी कोन?" "कृष्णेकाठी गावली म्हनत्यात की!" "बया बया, लेकीच्या लग्नात?" भामाबाईनं तर तोंडावर हात ठेवला. पलटणीतली माणसं कुठं कुठं फिरतात, काय काय करून ठेवतात, हे तिनं ऐकलं होतं. पण ते असं उखाण्यातून ऐकायला मिळेल असं तिला वाटलं नव्हतं.

इकडची माणसं वेगळ्याच घोरात पडली. वहिनीचं माहेरचं नाव केव्हाच विसरलेल्या राहीबाईनं कपाळ बडवलं. "आरं दादा, ती तर मेलेली चुलती! साळूबाय काकूचं नाव घेतलंस! चुलतीला बायको केलीस भर मांडवात!" एका म्हाताऱ्यानं घाईघाईनं रामराम म्हटलं. आकाराम, ज्यानं शिकवलं होतं, तो खांबाआड सरकला. आपला या दोन ओळींशी काही संबंध नाही असं तो शेजारच्याला सांगू लागला.

"व्याहीबुवा," भामाबाई आवाज चढवून म्हणाली, "पुन्यांदा घ्या. नीट घ्या. बायकूचं घ्या."

"बायकूचंच घेतलंय," लालासाहेब म्हणाले.

"तिचं नाव अंजना हाय!"

"ते मी ठिवलेलं हाय. तांदळात. बानं सांगितलं म्हनून." लालासाहेब लोकांशी बोलत होते, पण बघत अंजनाबाईंकडं होते. "ह्यो उखाना तवाचाच हाय. लगीन ठरल्यावर जोधपूरला बराकीत म्हैनाभर बसून जुळवला हुता. एकच. मला दुसरा येत नव्हता. लगनात नावच बदाललं. दारात राही म्हनली घे, तर आत साळूबाय काकू हुबी. काय घेऊ? अंजनाचा केलाच नव्हता."

राहीबाईचा कपाळावरचा हात तसाच राहिला.

अंजनाबाई नवऱ्याकडं बघत राहिल्या. इतकी वर्षं उशाला घेऊन झोपलेलं ते कोडं, ते असं होतं. तोंड नावडलं नव्हतं. नाव नावडलं नव्हतं. या माणसाकडं दुसरा उखाणा नव्हता, एवढंच! त्यांना आनंद झाला, नाही असं नाही. डोळ्यांत पाणी आलं. पण त्याच्या आधी राग आला, तो मात्र पायापासून आला.

"तवाच का सांगितलं न्हाई?" त्या म्हणाल्या. मांडव आहे, विहीण आहे, पंगत खोळंबलीये, कशाचं भान नव्हतं. "रजेवर येत हुता दर साली. काकूबी गेल्या. एकदा, नुसतं एकदा सांगायचं! मी झुरले न्हवं का? आन् मग ह्या माघापासनं माजा जीव कशापायी खाल्ला? रंजना काय, गर्जना काय! माज्या कुरडया तुडवल्या!"

"अंजनाचा जमतोय का बघत हुतो," लालासाहेब अपराधी आवाजात म्हणाले. "न्हाई जमला. आता ताट बघितलं आन्... तोंडात त्योच आला."

भामाबाईची अडचण झाली होती. नाव घेतलं म्हणावं, की नाही म्हणावं? शेवटी ती अंजनाबाईंकडं वळली. "इहीणबाय, तुमी सांगा. ही साळू कोन?"

"मी," अंजनाबाई म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या, जरा मोठ्यानं, राहीबाईकडं बघून. "मी हाय साळू. भिलवडीची. झालं समाधान?"

"मग बसा पाटावर," भामाबाई सुस्कारा सोडून म्हणाली. "पर तुमचं घ्यायचं ऱ्हायलंय."

अंजनाबाईंकडं पंधरा उखाणे तयार होते. वेलाचे होते, देवाचे होते, हळदीकुंकवाचे होते. त्यातला एकही त्यांना आठवेना, आणि आठवला असता तरी त्या घेणार नव्हत्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि म्हटलं:

"चुलीवर ठेवलं दूध, जळून गेली साय,
इतक्या वर्षांनी बोलले लालासाहेब, आता भांडून करू काय!"

बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आकाराम खांबाआडून बाहेर आला आणि हा मात्र आपण शिकवलेला असं म्हणाला. पंगत बसली.

निघताना शालन रडली, अंजनाबाई रडल्या. लालासाहेब जोतीरामपाशी गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जावईबापू, ज्योती म्हना, काय बी म्हना. पर शालन म्हनलं तरी ती ओ देती. ध्यानात ठिवा." जोतीरामनं जी म्हटलं. त्याच्या ध्यानात राहिलं की नाही, ते शालनला ठाऊक.

दोन दिवसांनी घरी सगळं पूर्ववत झालं. पाहुणे गेले, राहीबाई गेली. जाताना ती नेहमीची गंमत विसरून गेली. सकाळी अंजनाबाई चुलीपुढं बसल्या होत्या. बाहेर ओट्यावरून हाक आली.

"अगं! चा झाला का?"

त्यांनी फुंकणी उचलली आणि जाळ फुंकत बसल्या.

"अगं ए! ऐकू येतंय का? चा!"

अंजनाबाईंनी लाकूड पुढं सरकवलं. मागं वळून पाहिलं नाही. मग लालासाहेब खाकरले. पुन्हा खाकरले. परेडला द्यावी तशी हाक द्यायला गेले, पण आवाज मधेच चिरकला.

"साळू! चा!"

पलीकडच्या भिंतीवरून शेजारणीनं मान वर काढून बघितलं.

"आले, आले," अंजनाबाई म्हणाल्या आणि लगबगीनं उठल्या. उठल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की चहाचं आधण अजून ठेवायचंच आहे.